झाड लावलं, फोटो काढला, पुढं काय? (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच गोष्टीवर येत होती. तरुण पोरापोरींना पर्यावरण आणि माणसांचे हक्क या विषयांत कसं ओढायचं, आणि ओढली गेलीच तर त्यांना सांभाळायचं कसं. मी गेली अठरा वर्षं कॉलेजच्या मुलांबरोबर काम करतेय आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, पुढच्या अंकात घेऊ.

ताई, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी आहे. 5 जूनला प्रभातफेरी, जुलैत वृक्षारोपण, 10 डिसेंबरला मानवी हक्क दिनाचं व्याख्यान, सगळं दरवर्षी होतं. पोरं येतात, हजेरी लावतात, फोटो काढतात, जातात. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवीन झाड. यांना आतून आस्था वाटावी म्हणून काय करू? भाषणं देऊन मी थकलोय.

सर, पोरांना आस्था नसते हे मला पटत नाही. झाड कुठलं, खड्डा कुठं, पाहुणा कोण, फोटो कधी, हे सगळं आधीच ठरलेलं असतं आणि पोरांनी फक्त पांढरा टीशर्ट घालून यायचं असतं, मग ती फोटो काढूनच जाणार ना, दुसरं करायला आपण ठेवलंय काय त्यांच्यासाठी? सेकंड इयरच्या पर्यावरणाच्या प्रोजेक्टचंही तेच. सुप्रीम कोर्टाने सांगितलं म्हणून हा विषय देशभरातल्या कॉलेजांत सक्तीचा झाला, आणि आपल्याकडे त्याचं काय झालं तर मागच्या बॅचची वही पुढच्या बॅचने उतरवायची.

आमच्याकडे एकदा काय झालं ते सांगते. विशेष शिबिराचे सात दिवस होते आणि ग्रामस्वच्छता करायचं ठरलेलं होतं. पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली, मॅडम, गावात झाडू मारतोय पण त्या मागच्या वस्तीत नळाला पाणीच नाहीये, तिथल्या बायका आपल्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, मग झाडू ठेव आणि तेच बघ. चार पोरी आणि तीन पोरं, वही घेऊन गल्लोगल्ली फिरली, कुठल्या गल्लीत नळ किती वाजता येतो, किती वेळ असतो, भरायला कोण उठतं, एवढे तीनच प्रश्न. दोन दिवसांत तक्ता तयार झाला आणि त्यात स्वच्छ दिसलं की मुख्य रस्त्यावर पाणी सकाळी सात वाजता आणि मागच्या वस्तीत पहाटे साडेतीनला, तेही थोडा वेळ, आणि भरायला उठतात त्या सगळ्या बायका नाहीतर शाळेतल्या मुली. तो तक्ता त्यांनी ग्रामपंचायतीत नेऊन दिला. लगेच सगळं सुटलं असं अजिबात नाही, उत्तर यायलाच कित्येक महिने गेले, वेळ थोडी बदलली. पण ती सातही पोरं पुढे दोन वर्षं स्वतःहून जात राहिली, कुणी हजेरी घेत नव्हतं तरी.

तेव्हा सर, पहिलं काम म्हणजे प्रश्न पोरांनाच शोधू द्या, आणि चालत जाता येईल एवढ्या अंतरातला असू द्या. दुसरं, त्यांना सरकारी कागद हातात घेऊ द्या. माहिती अधिकाराचा कायदा 2005 चा आहे, अर्जाला 10 रुपये लागतात, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, हे पोरांना पाठ असतं कारण स्पर्धा परीक्षेला येतं, पण अर्ज एकानेही केलेला नसतो. त्याच कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या मालाचे नमुने घेण्याचासुद्धा हक्क आहे, हे तर वर्गात सांगितलं की पोरं सरळ बसतात. आपल्या राज्यात 2018 च्या शासन परिपत्रकानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी 3 ते 5 लोकांना फायली बघता येतात, त्याला अर्जसुद्धा लागत नाही. एका सोमवारी पाच पोरांना घेऊन नगरपालिकेत जा. वृक्षलागवडीचीच फाईल मागा, किती रोपं घेतली, किती जगली. तुमच्या त्या खड्ड्यांचा हिशोब त्यांना स्वतःला करू द्या. क्लार्क चिडेल, पोरं घाबरतील, तुम्ही शेजारी उभे राहा, एवढंच. दुसऱ्या सोमवारी ती तुमच्याशिवाय जातील.

आणि 10 डिसेंबरचं व्याख्यान करायचंच असेल तर यावर्षी महाडवर करा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत हा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 सालीच झाला होता, महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण कागदावर खुलं झालेल्या त्या तळ्याचं पाणी प्यायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा. पुढे तळं सार्वजनिक की खाजगी यावरची कोर्टातली केस 1937 पर्यंत चालली. पाणी कुणाचं हा प्रश्न पर्यावरणाचा की हक्काचा, पोरांना विचारा आणि गप्प बसा, तास कसा जातो कळणार नाही. नंतर पाणी भरायला पहाटे कोण उठतं तो तक्ता करायला पाठवा.

अजून एक, तुम्ही सोलापूरचे म्हणून आठवलं. नान्नजचा माळढोक तुमच्या पोरांना माहीत असेल. याच पक्ष्याच्या राजस्थान-गुजरातमधल्या केसमध्ये मार्च 2024 ला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हवामान बदलाच्या वाईट परिणामांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क आहे, घटनेच्या कलम 14 आणि 21 मधून येणारा. केस विजेच्या तारांना धडकून मरणाऱ्या पक्ष्याची आणि निकालात माणसाचा हक्क. वर्गात यावर वाद होऊ द्या, कारण त्या केसमध्ये सौरऊर्जाही हवी आणि पक्षीही हवा असा खरा पेच होता, आणि पोरांना पेच आवडतो, तयार उत्तरं नाही आवडत.

पर्यावरण म्हणजे झाडं, नद्या, प्राणी. मानवी हक्क म्हणजे पोलीस, कोर्ट, कैदी. आमच्या शाळेत आता दोन्हीचा मिळून एक क्लब करायला सांगितलाय. हे एकत्र कशाला? (शिक्षिका, नाशिक)

मॅडम, तुमच्या वर्गातल्या मुलांना विचारा की आपला कचरा घराबाहेर गेल्यावर कुणाच्या हातात जातो. पुण्यात 1990 च्या आसपास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून काही जणी कचरा वेचणाऱ्या बायकांपर्यंत पोचल्या. त्यातून 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि 2008 पासून त्याच बायकांची स्वच्छ ही सहकारी संस्था पुणे महापालिकेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करायला लागली. या बायका शहराचं केवढं तरी प्लास्टिक आणि कागद परत वापरात आणतात, हे झालं पर्यावरण, आणि त्यांना ओळखपत्र, हातमोजे, उन्हापावसात कचरा वेगळा करायला शेड मिळणं हे झाले हक्क. आता यातलं एक काढून दुसरं कसं शिकवणार तुम्ही?

क्लबला पहिलं काम पाहिजे असेल तर लाल ठिपका घ्या. वापरलेलं सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. पुण्यात स्वच्छच्या बायकांनीच हे सुरू केलं. मुलामुलींना एकत्र बसवून सांगा, मुलग्यांना बाहेर पाठवू नका. आठवी-नववीची मुलं हे घरी जाऊन आईला, आजीला सांगतात आणि घरात ज्या विषयावर कुणी बोलत नव्हतं त्यावर बोलणं होतं. जमलं तर तुमच्या भागातल्या घंटागाडीवरच्या ताई-दादांना शाळेत बोलवा, खुर्चीवर बसवा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या.

माझी मुलगी 19 वर्षांची आहे, लॉच्या पहिल्या वर्षाला. झाडं वाचवा, नदी वाचवा अशा आंदोलनांना जायला लागलीय. मला तिचा अभिमान वाटतो पण रात्रभर झोप येत नाही. उद्या पोलिसांनी धरलं, केस झाली, तर करिअरचं काय? तिचे बाबा म्हणतात बंद कर. मी काय करू? (ठाणे)

ताई, तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या ठाण्यापासून जवळच आरेत काय झालं ते आठवा. 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं कापायला सुरुवात झाली, लोक धावत गेले, जमावबंदी लागली, 29 जणांना अटक झाली आणि त्यात कॉलेजची मुलं होती, काहींच्या परीक्षा होत्या. जामीन मिळेपर्यंत त्यांच्या आयांच्या जीवाचं काय झालं असेल ते तुम्हाला मी सांगायला नको. 2021 च्या फेब्रुवारीत बंगळुरूच्या पर्यावरण कार्यकर्त्या दिशा रवीला टूलकिटच्या, म्हणजे शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यायचा हे सांगणाऱ्या ऑनलाइन कागदाच्या प्रकरणात घरातून नेलं तेव्हा ती 22 वर्षांची होती. दिल्लीच्या कोर्टाने तिला जामीन देताना स्पष्ट लिहिलं की सरकारच्या धोरणाशी सहमत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, पण तोवर दहा दिवस गेलेच होते. हे होतं, आणि सरकारी नोकरीच्या फॉर्मवर गुन्हा दाखल आहे का हा रकाना असतो, हेही खरं.

पण आरेची दुसरी बाजूही त्याच आठवड्यातली आहे. लॉच्याच विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, कोर्टाने ते पत्र याचिका म्हणून घेतलं आणि 7 ऑक्टोबरला, सुट्टीच्या दिवसांत खास बसून, तोड थांबवायला आणि अटकेतल्यांना सोडायला सांगितलं. त्या पोरांवरच्या केसेस मागे घेण्याची घोषणा डिसेंबरमध्ये सरकारने केली. तुमची मुलगी लॉ करतेय, रस्त्यावर उभं राहणं हा एकच रस्ता तिच्यापुढे नाहीये, पत्र लिहिणं, आदेश वाचणं, अटक झालेल्यांसाठी वकिलांना फोन लावणं, हेही आंदोलनच आहे आणि तिच्या शिक्षणाला धरून आहे. हे तिला भीती घालून नका सांगू, तिच्याशी बसून बोला.

बंद कर म्हणालात तर ती जायची थांबणार नाही, सांगायची थांबेल. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. त्यापेक्षा घरात एक नियम करा की जाताना कुठं, कुणाबरोबर, परत कधी हे सांगून जायचं आणि वकिलाचा एक नंबर हातावर पेनने लिहून जायचं, कारण मोबाईल काढून घेतला जाऊ शकतो. जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते आधी बघायचं. कुणी कितीही तापलं तरी हात उगारायचा नाही, पोलिसांशी वाद घालताना शिवी नाही. आणि काही गोष्टी तुम्ही दोघांनी, हो, बाबांनीसुद्धा, पाठ करा. अटक का केली ते सांगावं लागतं, नातेवाइकाला कळवावं लागतं, वकिलाशी बोलू द्यावं लागतं, 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदीच अपवादात्मक वेळी करायची तर मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, बायकांना त्याला उत्पन्नाची अटसुद्धा नाही, हेल्पलाईन 15100 आहे, फ्रीजवर चिकटवून ठेवा.

आणि जमलं तर एकदा तिच्याबरोबर जा. लांब, कडेला उभ्या राहा. तिथं तिच्यासारखीच पोरं, त्यांच्यापेक्षा मोठी माणसं, तुमच्या वयाच्या बायका दिसतील, चहा फिरत असेल. तुमच्या डोक्यातलं चित्र जरा बदलेल असं मला वाटतं.

मी बारावीला आहे, चंद्रपूर जिल्हा. आमच्या गावाजवळ कोळसा खाण वाढवणार आहेत, त्याची जनसुनावणी आहे. गावातले मोठे लोक म्हणतात तू लहान आहेस, तुला काय कळतं, अभ्यास कर. मी तिथं बोलू शकतो का? मी 17 वर्षांचा आहे.

बोलू शकतोस! जनसुनावणी प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीसाठीच्या ज्या 2006 च्या अधिसूचनेनुसार होते तिच्यात लिहिलंय की तिथं हजर असलेल्या प्रत्येक माणसाला माहिती विचारायची, खुलासा मागायची संधी दिली पाहिजे. त्यात 18 वर्षांची अट नाहीये. ग्रामसभेत मत द्यायला मतदार यादीत नाव लागतं, ते तुझं पुढच्या वर्षी येईल, पण जनसुनावणीत मतदान नसतंच, तिथं हरकत आणि प्रश्न नोंदवायचे असतात.

आता नीट ऐक, कारण बोलण्याआधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे. सुनावणीच्या निदान 30 दिवस आधी पेपरात नोटीस द्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालाचा मसुदा कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि पंचायतीकडे ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. तो सारांश मिळव, मित्रांना घेऊन बस आणि तुमच्या डोळ्यांनी तपासा. त्यात लिहिलेल्या विहिरी खरंच आहेत का, नाला कुठून जातो ते बरोबर दाखवलंय का, शाळा किती अंतरावर आहे, कोळशाचे ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, त्या रस्त्यावर सध्या धूळ किती बसते. असा अहवाल बनवणारे लोक गावात थोडे दिवस येऊन जातात, तू तिथं 17 वर्षं राहिलायस. मला काय कळतं या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे आहे, फक्त लिहून काढ.

लेखी हरकत आधीच दे आणि पोच घे, शिक्का मारलेली. प्रत्यक्ष बोलताना तीन मिनिटांच्या वर जाऊ नको, एकच मुद्दा घे, कागद हातात ठेव. सुनावणीचं शूटिंग व्हायला हवं आणि शेवटी झालेलं कामकाज लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला हवं, हे अधिसूचनेतच आहे, म्हणून अर्ध्यातून उठून जायचं नाही, तुझा मुद्दा त्यात आलाय की नाही ते ऐकूनच जायचं. नसेल आला तर तिथल्या तिथं हात वर कर. एक खरं सांगायला हवं, हरकती घेतल्या म्हणून प्रकल्प थांबतोच असं नाही, कितीदा थांबत नाही. पण लेखी हरकत रेकॉर्डवर राहते आणि पुढे कुणी हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांसाठीच्या कोर्टात गेलं तर तीच कामी येते.

आणि गावातल्या मोठ्यांशी भांडू नको रे. तुझ्या शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं. तिथं गावाने वर्षानुवर्षं अभ्यासगट चालवले, कायदा काय म्हणतो ते बसून वाचलं, निर्णय सगळ्यांच्या सहमतीने घेतले, आणि 2009 ला वनहक्क कायद्याखाली जवळपास 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, 2011 ला स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना. तुझ्याच जिल्ह्यात पाचगावनेही असाच हक्क मिळवलाय, बसने जाऊन येता येईल. तुमच्या गावच्या त्याच मोठ्या माणसांना म्हण की काका, मला हा सारांश समजत नाहीये, आपण मिळून वाचू या का? संध्याकाळी, देवळापाशी, मोबाईलचा टॉर्च लावून. बघ कोण कोण येतं. आणि बारावीचा अभ्यासही कर, तेवढं त्यांचं बरोबर आहे.

मी पुण्यात राहते, वय 23. तीन वर्षं टेकडी आणि नदीच्या कामात आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर शेकडो लोक आहेत, प्रत्यक्ष येतात सहा-सात. रात्री दोनला झाडं कापल्याचा मेसेज येतो आणि मी झोपेतून उठते. आता काहीच वाटेनासं झालंय, रडूही येत नाही. सोडून दिलं तर मी पळपुटी ठरेन का?

नाही, नाही ठरणार. तुझं पत्र वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. तीन वर्षं 23 व्या वर्षात म्हणजे किती मोठा तुकडा आहे आयुष्याचा, आणि तो तू दिलायस.

आपण हरतो, आणि बऱ्याचदा हरतो. आरेत सुप्रीम कोर्टाचा आदेश येईपर्यंत 2141 झाडं पडलेली होती, मधे दुसरीकडे हलवायचं ठरलेली कारशेड 2022 ला परत तिथंच आली, 2023 ला आणखी 177 झाडांना परवानगी मिळाली. ज्या पोरांनी तिथं रात्री काढल्या त्यांना मी जिंकलात असं म्हणू शकत नाही. पण गोव्यातलं मोलेही याच काळातलं आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अभयारण्यातून जाणारी रेल्वे, हायवे, वीजवाहिनी असे तीन प्रकल्प पुढे सरकले आणि घरात बसलेल्या पोरांनी काम वाटून घेतलं. ज्यांना चित्रं काढता येत होती त्यांनी चित्रं काढली, जीवशास्त्र शिकलेल्यांनी अहवालातल्या चुका काढल्या, वकील कोर्टात गेले, गावकरी 1 नोव्हेंबरच्या रात्री चांदरला रुळांवर जाऊन बसले. मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वे दुहेरीकरणाची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्यातला एकही माणूस सगळं करत नव्हता, हे मला तुला सांगायचंय. तू एकटी मेसेजही बघतेस, धावतेस, पोस्टरही बनवतेस, फायलीही तूच ठेवतेस, बरोबर ना?

त्या शेकडो लोकांना चला म्हणू नको, ते येणार नाहीत. त्यांना छोटं आणि नेमकं काम दे. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याने झाडावर नोटीस लावावी लागते आणि हरकतीला साधारण आठवडाच मिळतो, म्हणजे कुणीतरी ती नोटीस वेळेत बघायला पाहिजे. एका माणसाला एकच रस्ता दे, जाता-येता नोटीस दिसली की फोटो टाकायचा, बस. आजोबा-आजी सकाळी फिरायला जातात त्यांना हे फार छान जमतं. हरकतीचा मसुदा एकदाच लिहून ठेव म्हणजे प्रत्येकाला फक्त झाडाचा नंबर आणि जागा भरावी लागेल.

आणि तू थांब. खरंच थांब, तीन महिने. काहीच वाटत नाही, रडू येत नाही हे तू लिहिलंयस ते साधं थकणं नसू शकतं, कॉलेजच्या किंवा बाहेरच्या समुपदेशकाशी एकदा बोल, घरात कुणाला तरी सांग. रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत. त्या सहा-सात जणांना एका रविवारी घरी बोलव, पोहे कर, आणि फायली, पासवर्ड, कोर्टाच्या तारखा, वकिलांचे नंबर त्यांच्यात वाटून दे. टेकडीवर मात्र जात राहा, नोटीस शोधायला नाही, नुसती चालायला. पावसाळ्यानंतर मला परत पत्र लिही, कशी आहेस ते कळव.